मोठ्या नावाचं मेडिकल कॉलेज : यादीत पहिल्या क्रमांकावर टाकण्याआधी

राज्याची मेरिट लिस्ट लागली की माझ्या दवाखान्यात आठवडाभर पेशंटपेक्षा पालक जास्त येतात. बगलेत फाईल, फाईलमध्ये नीटचं गुणपत्रक, आणि प्रश्न एकच: "डॉक्टर, क्लासवाले म्हणतात जीएस बसतंय. पहिलं तेच टाकायचं ना?" (जीएस म्हणजे परळच्या केईएम रुग्णालयाला जोडलेलं महापालिकेचं कॉलेज, आणि 'पहिलं' म्हणजे प्रवेशाच्या पसंतीच्या यादीत.) खरं सांगायचं तर त्यांना उत्तर नको असतं, 'हो' हवा असतो. मीही बऱ्याचदा 'हो' म्हणून मोकळा होतो, कारण बाहेर ताप-खोकल्याची रांग असते. गेल्या वर्षी मात्र मिरजेजवळच्या एका गावातली मुलगी वडिलांना मध्येच थांबवून म्हणाली, "काका, पण तिथे मला नेमकं काय जास्त मिळेल?"

तिला उत्तर द्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तेव्हा जे बोललो ते इथे क्रमाने लिहितो. माझं एमबीबीएस एका जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजात झालं आणि एमडी मुंबईतल्या एका नावाजलेल्या कॉलेजात, त्यामुळे दोन्हीकडच्या भिंतींचे पोपडे मी जवळून पाहिलेत.

१. आधी आपल्या पुढ्यात काय आहे ते कागदावर मांडा

निम्मी घालमेल ही न मिळणाऱ्या कॉलेजांबद्दलची असते. सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती) भरते, बाकीच्या ८५ टक्के राज्याचा सीईटी सेल (प्रवेश परीक्षा कक्ष). एम्स आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या सगळ्या जागा एमसीसीकडे. पुण्याच्या एएफएमसीसाठी (सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज) नोंदणी एमसीसीच्याच संकेतस्थळावर होते, पण पुढची चाळणी ते स्वतः लावतात. राज्याच्या कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते. इंदूर, दिल्ली किंवा आखातात शिकलेल्या मराठी मुलांचा इथेच घोळ होतो: घरात मराठी बोलतात, आजोळ साताऱ्याचं, पण फॉर्म मात्र अखिल भारतीय कोट्याचाच. बेळगाव-निपाणीकडच्या मुलांसाठी सीमाभागाच्या मोजक्या जागा वेगळ्या असतात, ते प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत नीट वाचा.

एक इशारा. चुलतभाऊ, मामेबहीण, शेजारचा इंटर्न यांचा कट-ऑफचा अनुभव जुना असू शकतो. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी ७०:३० ची विभागणी (७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना) २०२० मध्ये रद्द झाली. त्याआधी प्रवेश घेतलेल्याने सांगितलेलं "आपल्या विभागात एवढ्या मार्कांना लागतं" आज कामाचं नाही. मागच्या दोन वर्षांच्या निवड याद्या स्वतः उघडा, आपला प्रवर्ग शोधा आणि गुणांपेक्षा राज्य मेरिट क्रमांक बघा. पेपर सोपा-अवघड झाला की गुण वरखाली होतात, क्रमांक त्यामानाने स्थिर राहतो.

२. नाव कशामुळे झालं, ते सोलून बघा

मोठ्या कॉलेजच्या नावात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र भरलेल्या असतात आणि त्यातल्या सगळ्याच तुमच्या उपयोगाच्या नसतात.

पहिला इतिहास. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. हाफकिन यांनी प्लेगची लस त्याच आवारातल्या प्रयोगशाळेत तयार केली. परळचं जीएस आणि केईएम १९२६ चं, आणि त्याच्या जन्मामागे एक अट आहे: शिकवणारे डॉक्टर भारतीयच असतील, या बोलीवर शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी पैसे दिले. इंग्रजी अमदानीत ही छोटी गोष्ट नव्हती. पुण्याचं बीजे आणि नागपूरचं 'मेडिकल' ही स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरची, १९४६ आणि १९४७ ची. वाचून ऊर भरून येतो, येऊ द्यावा. पण इतिहास डिसेक्शनच्या (शवविच्छेदनाच्या) टेबलावर तुमच्या शेजारी उभा राहत नाही.

दुसरा कट-ऑफ. ही गंमतच आहे. गेल्या वर्षी वरच्या क्रमांकाची मुलं तिथे गेली म्हणून यंदाची वरच्या क्रमांकाची मुलं तेच पहिलं टाकतात, आणि म्हणून पुढच्या वर्षीही कट-ऑफ तिथेच राहतो. गर्दी बघून गर्दी वाढते. कट-ऑफवरून वर्गातले सोबती किती हुशार असतील ते कळतं, शिकवणं कसं आहे ते कळत नाही.

तिसरे रुग्ण. खरं वजन इथे आहे. केईएम, सायन, नायर, जेजे, ससून, नागपूरचं मेडिकल, संभाजीनगरची घाटी या रुग्णालयांत माणसं अर्ध्या राज्यातून येतात. नावाच्या कॉलेजची श्रीमंती म्हणजे त्यांच्या वॉर्डातली माणसं. त्यातली किती तुमच्या वाट्याला येतील, हा पुढच्या पायरीचा विषय.

आणि चौथी गोष्ट, जी बहुतेक पालकांना ऐकून धक्का बसतो: पदवी एकच आहे. जीएस असो, मिरज असो, अंबाजोगाई असो की गेल्या दोन-तीन वर्षांत सुरू झालेलं हिंगोली असो, प्रमाणपत्र नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं. अभ्यासक्रम तोच, लेखी परीक्षेचा पेपरही तोच. एएफएमसीची पदवीसुद्धा नाशिकचीच. वेगळी वाट एम्सची आणि अभिमत विद्यापीठांची.

३. तुमच्या हाताला काय लागणार, ते शोधा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा.

एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. पहिलं वर्ष अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. दुसऱ्या वर्षापासून सकाळच्या वॉर्ड पोस्टिंग सुरू होतात, आणि खरं कॉलेज कुठलं हे तिथे समजतं.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या कॉलेजात एका युनिटचा राउंड डोळ्यांपुढे आणा. पुढे प्रोफेसर, मागे असोसिएट, मग लेक्चरर, मग तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या वर्षाचे रेसिडेंट (एमडी-एमएस शिकणारे डॉक्टर), मग इंटर्न, आणि सर्वांत मागे पंचवीस-तीस एमबीबीएसची मुलं, टाचा उंचावून. जीएस, ग्रँट, बीजे, नागपूर मेडिकल अशा ठिकाणी एका वर्षाला २५० च्या आसपास मुलं असतात. पेशंटच्या पोटाला हात लावायला मिळतो तो पहिल्या पाचांना. तिथलं काम रेसिडेंटच्या खांद्यावर चालतं, आणि त्याला शिकवायची कितीही इच्छा असली तरी छत्तीस तासांची ड्युटी झालेल्या माणसाकडून किती अपेक्षा करायची? मी स्वतः रेसिडेंट होतो तेव्हा "सर, केस दाखवा ना" म्हणणाऱ्या मुलांना "उद्या या" म्हणून कितीदा परत पाठवलं असेल, त्याची आज लाज वाटते.

पण त्या मागच्या रांगेतलंच एखादं पोर दुपारी दोन वाजता, सगळे जेवायला गेल्यावर, एकटं वॉर्डात परत यायचं. वॉर्डातल्या मावशींशी गोड बोलायचं, केसपेपर वाचायचं, पेशंटच्या नातेवाईकांशी गप्पा मारत आजाराची हिस्ट्री काढायचं. मोठ्या कॉलेजचा खजिना अशा पोरांसाठी उघडा असतो. एका आठवड्यात त्यांनी हृदयाच्या झडपांचे जे आवाज ऐकले, ते जिल्ह्याच्या ठिकाणी मला वर्षभरात ऐकायला मिळाले नव्हते.

आता दुसरी बाजू. जिल्ह्याच्या कॉलेजात दुर्मिळ आजार कमी, पण तालुक्याला जे रोज लागतं ते भरपूर: सर्पदंश, कीटकनाशक प्यायलेले पेशंट, डिलिव्हरी, भाजलेले, ट्रॅक्टर उलटलेले. रेसिडेंट कमी असतील तर इंटर्नच्या हाताला काम येतं. मी इंटर्न असताना लेबर रूममध्ये सिस्टरच्या देखरेखीखाली ज्या डिलिव्हरी केल्या, त्यांच्या जोरावर पुढे मुंबईत पहिले तीन महिने तग धरला. उणीवही तितकीच खरी आहे. आमच्या एका विषयाला सलग दोन टर्म पूर्णवेळ प्रोफेसर नव्हते. तो विषय मी पुस्तकातून शिकलो आणि तो आजही कच्चा आहे.

नव्या कॉलेजांचं गणित आणखी वेगळं. २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा सरकारी कॉलेजं सुरू झाली, बहुतेक १०० जागांची: गडचिरोली, वाशिम, बुलढाणा, भंडारा, जालना वगैरे. अशा ठिकाणी पेशंटची वाण नसते, कारण बहुतेकदा जुनं जिल्हा रुग्णालयच कॉलेजला जोडलेलं असतं. प्रश्न शिक्षकांचा, वसतिगृहाचा आणि विचारायला सीनियर नसण्याचा. पहिल्या-दुसऱ्या बॅचच्या मुलांना रस्ता स्वतःच पाडावा लागतो. काहींना तेच आवडतं.

म्हणून विचारायचे प्रश्न नेमके ठेवा. "कॉलेज कसं आहे?" याला "भारी आहे" हेच उत्तर येतं. त्याऐवजी तिसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारा: एका डिसेक्शन टेबलाभोवती किती जण होतात? मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये तू स्वतः किती केस लिहिल्यास? गेल्या महिन्यात किती क्लिनिक (पेशंटजवळ उभं राहून शिकवण्याचे तास) झाली आणि किती रद्द झाली? इंटर्नला विचारा: रक्त काढणं, सलाईन लावणं, टाके, कॅथेटर, डिलिव्हरी यातलं तू एकट्याने काय करतोस? की दिवसभर रिपोर्ट आणायला पळतोस? शेवटच्या प्रश्नावर तो हसला तर समजून जा.

४. मग स्वतःकडे बघा

हे सर्वांत अवघड, कारण अठराव्या वर्षी कोणालाच आपण कसे आहोत ते धड माहीत नसतं. तरी तीन गोष्टी आई-वडिलांसमोर बसून बोला.

तुम्ही आजवर वर्गात पहिले आलात. मोठ्या कॉलेजात सगळेच पहिले आलेले असतात, आणि पहिल्या इंटर्नल परीक्षेला तुम्ही एकशे ऐंशीव्या क्रमांकावर असू शकता. तेव्हा काय होईल? काहींना त्यातून चेव येतो, काही मिटून जातात. माझ्या ओळखीचा एक मुलगा तालुक्यात पहिला. नावाच्या कॉलेजात गेला आणि अॅनाटॉमीत अडकून ऑड बॅचला, म्हणजे मागे राहिलेल्यांच्या वेगळ्या तुकडीत, पडला. घरी सांगितलंच नाही. सुट्टीत यायचा, हसायचा, पेढे खायचा. वडिलांना आठ महिन्यांनी कळलं. आता तो उत्तम भूलतज्ज्ञ आहे, पण ते आठ महिने त्याला कोणत्याही कट-ऑफने भरून दिले नाहीत. नियमही ध्यानात ठेवा: पहिल्या वर्षाच्या परीक्षेला जास्तीत जास्त चार प्रयत्न मिळतात आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत संपवावा लागतो. हजेरी लेक्चरला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते, कॉलेज कोणतंही असो.

दुसरं, मागून घ्यायची सवय आहे का? वर सांगितलेलं दुपारी दोनला वॉर्डात जाणारं पोर तुम्ही आहात का? "सर, मला दाखवा" असं तीनदा नकार ऐकूनही चौथ्यांदा म्हणता येत असेल तर मोठं कॉलेज तुमचं. कोणी बोलावल्याशिवाय पुढे न जाणारे असाल तर छोट्या बॅचमध्ये, जिथे सर नावाने ओळखतात, तिथे तुम्ही जास्त शिकाल. हा दोष नाही, स्वभाव आहे, आणि पाच वर्षांत थोडा बदलतोही.

तिसरं, भाषा आणि घर. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले तीन-चार महिने इंग्रजी पुस्तकं डोंगरासारखी वाटतात, मग वाटेनाशी होतात. याची भीती बाळगून कॉलेज निवडू नका. उलट वॉर्डात मराठीच तुमचं हत्यार आहे: "पोटात कळ येते की मुरडा येतो?" हा फरक शहरी इंग्रजी माध्यमातल्या मुलाला शिकावा लागतो. मात्र मुंबईत पेशंटशी निम्मं बोलणं हिंदीत होईल, आणि बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात अखिल भारतीय कोट्यातून गेलात तर कोंकणी कानावर घ्यावी लागेल. घराची ओढ किती आहे, आजारी पडल्यावर एकटं राहता येतं का, हे आईला विचारा. तिला नेमकं माहीत असतं.

५. एक दिवस जाऊन बघा, पण मुख्य दारातून नाही

जागा लागण्याआधी, शक्य असेल तर, पहिल्या दोन पसंतीच्या ठिकाणी एक-एक दिवस जा. रविवारी जाऊ नका. मंगळवार-बुधवार, सकाळी नऊ. आधी ओपीडीच्या रांगेत उभे राहा. गर्दी किती आणि तिला कोण हाताळतंय ते दिसेल. मग कँटीन. कँटीनमध्ये पांढरा कोट घातलेल्या कोणालाही "मी यंदा प्रवेश घेणार आहे" म्हटलं की तो चहा पाजून सगळं सांगतो. मेडिकलची मुलं आपल्या कॉलेजला शिव्या देण्यात कंजूषी करत नाहीत, त्यामुळे थोडं कमी करून ऐका.

वसतिगृह बघाच, आणि त्यातही बाथरूम. मुंबईत पहिल्या वर्षी खोली लगेच मिळते का, एका खोलीत किती जण, पाणी किती वेळ, मेस कोण चालवतं. रात्री लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी असते. मुलींच्या पालकांनी, आणि मुलांच्याही, वसतिगृहापासून कॅज्युअल्टीपर्यंतचा (अपघात विभागापर्यंतचा) रस्ता अंधार पडल्यावर चालून बघावा. दिवे आहेत का, वॉचमन जागा आहे का, रात्रपाळीच्या डॉक्टरांना कडी लागणारी खोली आहे का. कोलकात्यात २०२४ मध्ये ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीचा रुग्णालयातच बलात्कार करून खून झाला, त्यानंतर हे प्रश्न विचारताना कोणी तुम्हाला वेड्यात काढणार नाही.

रॅगिंगबद्दल थेट विचारा: "पहिल्या वर्षाला सीनियर रात्री खोलीत बोलावतात का?" कागदावर सगळीकडे समिती असते. खरं उत्तर दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या चेहऱ्यावर मिळतं. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर १८००-१८०-५५२२ मोबाईलमध्ये घालून ठेवा, लागू नये हीच इच्छा.

जाणं जमणार नसेल तर तुमच्या शाळेतून, तालुक्यातून तिथे गेलेलं कोणी ना कोणी सापडतं. दोघांना फोन करा, एक रमलेला आणि एक कंटाळलेला.

६. पैसा आणि बाँड

सरकारी कॉलेजांत फीचा फरक निर्णय बदलण्याइतका नसतो. खर्च वाढतो तो शहराने. मुंबईत वसतिगृह मिळालं नाही तर खोलीचं भाडं कॉलेजच्या फीपेक्षा जड जातं. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियमन प्राधिकरण ठरवतं, ती प्राधिकरणाच्या यादीतच बघा, दलालाच्या तोंडून ऐकू नका. अभिमत विद्यापीठात वर्षाला वीस लाखांच्या पुढे जाणारी फी सर्रास आहे, आणि तिथे एमसीसीच्या नोंदणीची अनामतच दोन लाख असते (अखिल भारतीय कोट्याला खुल्या वर्गासाठी दहा हजार). केवळ अभिमत विद्यापीठाच्या नावासाठी जमीन विकायला निघालेले तीन बाप मी पाहिलेत. तिघांनाही एकच विचारलं: एमबीबीएसनंतर पीजी (एमडी-एमएस) करायचं आहे ना, मग तेव्हा काय विकणार?

महाराष्ट्राच्या सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांतून एमबीबीएस केल्यावर एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड आहे. न केल्यास काय होतं, ते यंदाच्या नियमांतच बघा. मोठ्या नावाच्या कॉलेजला यातून सूट नाही. सही करताना घरातल्या प्रत्येकाने ते पान वाचावं.

७. 'पुढे पीजीला उपयोग होतो' हे कितपत खरं?

नीट-पीजीच्या ८०० गुणांत तुमच्या एमबीबीएस कॉलेजला शून्य गुण आहेत. जागा मेरिट क्रमांकावर मिळते. मोठ्या कॉलेजचा फायदा आडवाटेने होतो: शेजारच्या खोलीतला मुलगा पहाटे चारला उठतो म्हणून तुम्ही पाचला उठता, कोणत्या नोट्स वाचायच्या ते सीनियर सांगतात, संशोधनाचा छोटा प्रकल्प करायचा असेल तर मार्गदर्शक सापडतो. हे कमी नाही. पण हल्ली तयारी बहुतांशी मोबाईलवरच्या व्हिडिओ लेक्चरवर होते, आणि ते अंबाजोगाईतही तितक्याच वेगाने चालतात. निदान रात्री अकरानंतर.

परदेशाचं कारण देणारेही भेटतात. आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२३ मध्ये जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची मान्यता मिळाली, त्यामुळे अमेरिकेच्या परीक्षेला बसण्याची पात्रता ठरवताना जुनं-नवं कॉलेज असा भेद राहिलेला नाही. मात्र तिकडे गेलेले सीनियर जितके जास्त तितकी वाट सोपी, आणि ते मुंबई-पुण्याच्या जुन्या कॉलेजांचेच जास्त आहेत. तुमचं ठरलेलं असेल तर हा मुद्दा वजनदार. 'बघू पुढे' असं असेल तर सोडून द्या.

विंचूदंशाच्या उपचारावर काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं उदाहरण अशा वेळी कोणीतरी देतंच. महाडच्या परिसरात, कोणत्याही बड्या रुग्णालयाशिवाय त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत गेलं. पण त्यांचं एमबीबीएस नागपूर मेडिकलचं आणि एमडी पुण्याच्या बीजेचं, म्हणजे हा दाखला दोन्ही बाजूंनी ओढता येतो. दाखल्यांवर कॉलेज निवडू नये ते यासाठी.

८. जिथे नाव नव्हे, जगणं निवडायचं असतं

तीन ठिकाणं अशी आहेत की तिथे 'चांगलं आहे का' हा प्रश्नच चुकीचा. 'आपल्याला पेलेल का' असं विचारायचं.

सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान, १९६९ चं. खादी अंगावर, जेवण शाकाहारी, दारू-सिगारेट बंद, श्रमदान, सर्वधर्म प्रार्थना. सुरुवात आश्रमातल्या शिबिराने आणि प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. काहींना हे जन्मभर पुरतं. काही दुसऱ्या महिन्यापासून वर्ध्याला बिर्याणी खायला पळतात आणि पाच वर्षं कुढतात. तुम्ही कोणते ते फॉर्म भरण्याआधीच ठरवा.

एएफएमसीत फी नाही, पण पदवीनंतर लष्कराच्या वैद्यकीय सेवेत रुजू व्हावं लागतं. नीटच्या गुणांवर पहिली निवड, मग इंग्रजी आणि तर्काची संगणकावरची परीक्षा, मुलाखत आणि कडक वैद्यकीय तपासणी. पहाटेची परेड आणि बदलीची नोकरी ज्याला रुचत नाही त्याने केवळ नावावर भुलू नये. डोळ्यांचा नंबर, जुनं फ्रॅक्चर याची चौकशी आधीच करून घ्या, शेवटच्या टप्प्यावर हिरमोड होतो.

नागपूरचं एम्स २०१८ चं. फी नगण्य, इमारती नव्या, मिहानच्या मोकळ्या माळावर. देशभरातली मुलं सोबत असतात आणि परीक्षा त्यांची स्वतःची. शहरातल्या जुन्या 'मेडिकल' किंवा मेयो या दुसऱ्या सरकारी रुग्णालयाची गर्दी मात्र तिथे शोधू नका.

९. यादी भरण्याची रात्र

आता एक यांत्रिक पण महत्त्वाची गोष्ट. पुढच्या फेरीत वरची पसंती लागली की आधीची जागा आपोआप जाते. मागे फिरता येत नाही. म्हणून यादीत एखादं कॉलेज दुसऱ्याच्या वर ठेवताना एवढंच विचारा: हे लागलं आणि खालचं हातातून गेलं, तर उद्या सकाळी मला बरं वाटेल का? बरं वाटणार नसेल तर क्रम उलटा करा, कट-ऑफ काहीही असो. मिळालेल्या जागेवर समाधानी असाल तर स्टेटस रिटेन्शनचा (हीच जागा कायम ठेवण्याचा) फॉर्म भरून पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडा. तो भरल्यावर 'अजून एक फेरी बघू' चालत नाही. एमसीसीच्या पहिल्या फेरीत लागलेली जागा न घेता सोडली तर अनामत जात नाही, दुसऱ्या फेरीपासून जाते. नियमांत दरवर्षी बारीक फेरफार होतात, त्यामुळे यंदाची पुस्तिका छापून काढा आणि पेन्सिलने खुणा करत वाचा. सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर यादी लॉक करू नका. आमच्याकडे एकाने सिंधुदुर्गच्या जागी सोलापूर टाकून ठेवलं होतं.

आणि माझं मत विचाराल तर: घर, पैसा, स्वभाव यातली एकही गोष्ट अडवत नसेल आणि दोन कॉलेजं अगदी बरोबरीची वाटत असतील, तर जिथे पेशंट जास्त तिथे जा. बहुतेक वेळा ते मोठ्या नावाचंच निघेल. अडवणारी एक जरी गोष्ट ठाम असली तर तिला 'बघू, होईल सवय' म्हणून दाबू नका.

जाताना मूळ कागदपत्रं दोन फायलींत: दहावी-बारावीची गुणपत्रकं, अधिवास, जातीचा दाखला आणि वैधता, लागू असेल तर नॉन-क्रीमी लेयर, वैद्यकीय तंदुरुस्ती. वैधता प्रमाणपत्रासाठी ऐनवेळी धावपळ करणारे दरवर्षी दिसतात. अकरावीतच अर्ज करायला हवा होता हे त्यांना सांगून आता काय उपयोग, पण तुमच्या घरी धाकटं भावंड असेल तर त्याच्यासाठी आजच करा.

मिरजेजवळच्या त्या मुलीने शेवटी मुंबईचं पहिलं टाकलं, मिरज दुसरं. मुंबई लागलं. दिवाळीत आली तेव्हा वजन उतरलं होतं आणि वसतिगृहाच्या पाण्याबद्दल तिची तक्रार संपत नव्हती. मी एवढंच विचारलं, अभ्यासाचा हाडांचा सेट सीनियरकडून मिळाला का? "अर्धाच मिळाला काका," ती म्हणाली, "उजवा पाय अजून कोणाकडे तरी आहे."